खडक वर सरकत नाही

केजाबाईचं नाव आधी लिहितो. मागून लिहीन म्हटलं की राहून जातं. एकदा तसं झालं आहे, आणि ते कसं झालं तेच पुढं येईल. केजाबाई मैकल डोंगरातल्या एका घाटरस्त्यावर मजूर होती. सडकेच्या कडेची नाली साफ करणाऱ्या आठ बायांच्या गँगची ती मेट, म्हणजे म्होरकी. मी भिलाईच्या एका लहानशा कंपनीत घाटातल्या दरडी मोजायचं काम करतो. माझ्याजवळ ड्रोन होता, लॅपटॉप होता, उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र होतं. तिच्याजवळ रापा होता. इकडे छत्तीसगढीत फावड्याला रापा म्हणतात. त्या वर्षी डोंगर तिनं बरोबर मोजला आणि मी चुकीचा मोजला.

आमच्या भिलाईच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मी नववी नापास माणूस, मले कुठलं लिहिता येते?" ते म्हणाले, "अंक वाचणारे सारे स्टील प्लँटातून रिटायर झालेले आहेत. तुमाले कोणी मार्कं देणार नाही. लिहा." म्हणून लिहितो आहे.

माझं गाव भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरकडचं. नववीत भूमितीत नापास झालो आणि शाळा सुटली. पुढचं सारं आयुष्य मापं घेण्यात गेलं याची गंमत मला फार उशिरा कळली. दुर्गला मोहन नगरात मामा राहायचे, रेल्वेतले. त्यांनी मला इकडे आणून हथखोजच्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात लावून दिलं. तिथं बारा वर्षं मार्किंग केलं. लोखंडी प्लेट कापायच्या आधी तिच्यावर खडूनं रेघ ओढायची, पंच मारून ठिपके करायचे, त्या रेघेवर मग कटर चालतो. रेघ चुकली की प्लेट गेली. आमचा मिस्त्री रोज एकच गोष्ट बजावायचा : माप घ्यायचं ते टेबलापासून घ्यायचं, कामापासून नाही. टेबल म्हणजे कारखान्यातला जाड ओतीव लोखंडाचा चौथरा, हलत नाही. काम मात्र हलतं, तापतं, वाकतं.

ढोमणे सर त्या कारखान्यात यंत्राचं स्टँड बनवून घ्यायला आले होते. त्यांनी मला मापं घेताना पाहिलं आणि मालकासमोरच विचारलं, "याले मी नेऊ का?" तेव्हापासून त्यांच्या सर्व्हेच्या कंपनीत आहे. पहिले सहा महिने रोज सकाळी वाटायचं, आज सर म्हणतील की चूक झाली, तू परत जा. म्हटले नाहीत.

आता काम काय असतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही लग्नाची शूटिंग करतो. ड्रोन डोंगरावर नांगर चालावा तसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मागंपुढं फिरतो आणि शेकडो फोटो काढतो. कॉम्प्युटर ते फोटो जोडून डोंगराचा पुतळा तयार करतो, झाडाझुडपासकट. काही दिवसांनी तेच पुन्हा करायचं. मग दोन पुतळे एकावर एक ठेवायचे. जिथं जुळले तिथं हिरवा रंग, जिथं डोंगर सरकला तिथं लाल. पण एकावर एक ठेवायचे कुठल्या आधारानं? त्यासाठी जमिनीवर काळ्या-पांढऱ्या रंगाच्या फुल्या रंगवतात. प्रत्येक फुलीची जागा यंत्रानं मोजून ठेवतात. त्या फुल्या म्हणजे खिळे. दोन्ही पुतळे त्या खिळ्यांवर टांगले जातात.

ड्रोन उडवायच्या लायसनला दहावी पास लागते. म्हणून उडवायचा प्रणय. प्रणय दुर्गचा, इंजिनियर, सव्वीस वर्षांचा, घरी मराठी आणि बाहेर हिंदी. फुल्या रंगवायच्या मी. सारे मला 'निशाणवाले भाऊ' म्हणायचे.

घाटात माणसंही एकेक भेटतात. एका ढाबेवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, वरच्या वळणावरच्या ढाब्यावर किती ट्रक उभे राहतात ते फोटोत दिसेल का. एका ट्रकवाल्यानं वर बोट दाखवून विचारलं, "ये आज गिरेगा क्या? आज नहीं ना? बस, मेरे को आज का ही जानना है."  आमचं सारं काम त्या प्रश्नात येतं.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता घाटातल्या एका वळणावर सडकेला लांब भेग पडली. सडकेच्या साहेबांनी घाट बंद केला. बस आणि ट्रक लांबच्या रस्त्यानं फिरवले. डोंगरातल्या गावांचा बाजार बसला, शाळेतली पोरं घरी राहिली. तीन आठवड्यांच्या अंतरानं आम्ही दोनदा उडायचं आणि सांगायचं : उतार सरकतो आहे की थांबला आहे. थांबला असेल तर सोमवारी सकाळी पहिली बस जाणार होती.

वळणाच्या दरीकडच्या अंगाला सडकेला धरून ठेवणारी सिमेंटची भिंत होती. तिचा माथा सपाट, स्वच्छ. प्लेटीवर रेघ ओढायची सवय असलेल्या माणसाला अशी जागा दिसली की हात शिवशिवतात. सहा फुल्यांपैकी चार मी त्या भिंतीवर रंगवल्या. उरलेल्या दोन वळणाच्या पलीकडं, वर काळ्या उघड्या खडकावर. तिथं काट्यातून चढावं लागलं, पाय घसरत होते, यंत्र धरताना हात थरथरत होते. साऱ्या फुल्या पहिल्या वेळी मोजल्या. दुसऱ्या वेळी मोजल्या नाहीत. सिमेंटवरची फुली कुठं जाणार?

दुसऱ्यांदा उडून आल्यावर दुपारी ढाब्यावर प्रणयनं लॅपटॉप उघडला.

"भाऊ, भिंतीवरचे चारी पॉइंट एकदम जमले. लेकिन खडकवाले दोनों आउट है."

"कितीनं?"

"चार बोटं. अन् वर. खडक वर सरकला म्हणून राहिला कॉम्प्युटर."

"खडक काय फिराले गेला होता का बे?"

आम्ही दोघंही हसलो. मग तो म्हणाला, "तिथं तुमचा हात हलला असंन, भाऊ."

मी लगेच म्हटलं, "हो, माझाच हलला असंन."

त्यानं दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नव्हतं. कुठंही काही चुकलं की ते माझंच असणार, हे मी शाळा सोडली त्या दिवसापासून धरून चालत आलो होतो. कारखान्यात प्लेट बिघडली की कोणी विचारायच्या आधी मी पुढं व्हायचो. लोक त्याला नम्रपणा म्हणायचे. चार फुल्यांनी एक सांगितलं, दोन फुल्यांनी वेगळं. त्या दोघींना आम्ही खोटं ठरवलं. प्रणयनं एक बटन दाबून खडकावरच्या दोन्ही फुल्या हिशोबातून काढल्या. सारा उतार हिरवागार झाला. शुक्रवारी रिपोर्ट गेला.

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा घाटात गेलो. घाट खुला झाल्यावर दर महिन्याला उडायचं ठरलं होतं, म्हणून पुसट झालेल्या फुल्यांना मी रंग देत होतो. केजाबाईची गँग नाली साफ करत होती. बस सुरू व्हायची म्हणून त्यांना रविवारीही बोलावलं होतं. ती डोक्यावरचं घमेलं उतरवून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. पन्नाशीची, हडकुळी, पदर कमरेला खोचलेला.

"का करत हस, बाबू?"

"निशाण पक्का कर रहा हूं, बाई."

ती हसली. "रंग ले, रंग ले. तोर निसान ह घलो रेंगत हे."

तुझं निशाणसुद्धा चालतं आहे, असं ती म्हणाली.  भिंत कशी चालेल, असं मी तिला विचारलं. तिनं वाद घातला नाही. मला भिंतीच्या टोकाशी नेलं. तिथं ही भिंत संपते आणि जुन्या दगडी पुलाचा कठडा सुरू होतो. दोघांच्या मधे एक फट. जेवायला बसताना या बाया आपले रापे त्या फटीत उभे खोचून ठेवायच्या. पेरणीच्या वेळी, ती म्हणाली, दगडानं ठोकल्याशिवाय रापा आत जात नव्हता. आता तिनं रापा फटीत नुसता सोडला. पातं खट्ट न होता पार आत गेलं आणि दांडा एका बाजूला कलला.

"दू पइत माटी भरे हंव," ती म्हणाली. दोनदा माती भरली, दोनदा फट पुन्हा उघडली. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणाला, तिसऱ्यांदा भर.

मला समोरचा डोंगर दिसेनासा झाला आणि हथखोजचं टेबल दिसायला लागलं. टेबल सोडून मी कामावरूनच माप घेतलं होतं. भिंत, सडक, वरचा उतार, सारं मिळून एकत्र खाली चाललं होतं, आणि माझे चार खिळे त्या सरकणाऱ्या मालातच ठोकलेले होते. म्हणून कॉम्प्युटरला सारं जागच्या जागी दिसत होतं आणि पक्का खडक वर गेल्यासारखा वाटत होता. त्या डोंगरात खरं बोलत होत्या त्या दोनच फुल्या, थरथरत्या हातानं मोजलेल्या. आणि माझा हात हलला असं मी स्वतःच कबूल करून त्या पुसल्या होत्या.

विचार करायला म्हणून मी भिंतीवर बसलो, आणि कुठं बसलो ते कळताच टुणकन उठलो. केजाबाईच्या गँगमधल्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

मला काय वाटलं ते खरं सांगतो. पहिल्यांदा वाटलं, गप्प राहावं. रिपोर्टवर सही सरांची होती, पण निशाणं माझी. दहावी नसलेल्या माणसाला सरांनी ठेवून घेतलं होतं, आणि त्याच माणसानं कंपनीचं नाव घालवलं असं झालं असतं. एवढ्यात उतार काही पडणार नाही, असंही मनाला सांगून पाहिलं. पण घाटाखालच्या फाट्यावर उद्याच्या बसची वेळ खडूनं लिहिलेली मी येताना वाचली होती.

सरांना फोन लावला. ते जेवत होते.

"सर, आपला रिपोर्ट चुकला. माझ्यानं चुकला."

"जेवू तर दे बे. का झालं?"

मी सांगितलं. त्यांनी हात धुतले. मग म्हणाले, "तुले पक्कं माहीत आहे का?"

"नाही जी. पण भिंतीवरच्या फुल्या आत्ता मोजल्या तर कळते."

"मंग मोज ना. मले कावून विचारून राहिला? अन् एक ऐक. हात हलला-बिलला म्हणू नको आता. जे यंत्र दाखवंन ते सांग."

चार वाजेपर्यंत भिंतीवरच्या चारी फुल्या पुन्हा मोजून झाल्या. चारी जागच्या हलल्या होत्या, चार बोटं, खाली आणि दरीकडं. प्रणयनं खडकावरच्या फुल्या परत घेतल्या, भिंतीवरच्या काढल्या, आणि पडद्यावर वळणाचा सारा उतार वरपासून सडकेपर्यंत लाल झाला. तो म्हणाला, "भाऊ, आपण खऱ्यालेच काढून टाकलं होतं."

साहेब जीपमधून आले तेव्हा माणसं अडथळ्याची पिंपं बाजूला करायला लागली होती.

"शुक्रवार को हरा, रविवार को लाल," साहेब म्हणाले. "आपका पहाड़ है कि सिग्नल?"

मी चूक सांगितली. माझी म्हणून सांगितली, पण डोकं खाली न घालता सांगितली. चार खिळे कुठं होते, दोन कुठं, का चुकलं, आता का बरोबर आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी चूक माफी न मागता समजावून दिली असेल. साहेबांनी पडदा पाहिला, भिंत पाहिली, पुन्हा पडदा पाहिला.

"पकड़ा किसने?" त्यांनी विचारलं.

केजाबाई दहा हातांवर उभी होती. हजेरी लागायची होती म्हणून गँग थांबली होती. मला वाटलं, नालीवाल्या बाईनं रापा खोचून पाहिला असं म्हटलं तर साहेब हसतील आणि बस सोडतील. म्हणून मी म्हटलं, "ड्रोन ने पकड़ा, साहब."

साहेबांनी मान हलवली. पिंपं पुन्हा आडवी लागली. घाट बंद राहिला.

निघताना केजाबाई माझ्या जवळून गेली. आवाज न चढवता म्हणाली, "ड्रोन ह रापा धरथे का, बाबू?" ड्रोन फावडं धरतो का?  ती हसतच गेली, पण तिच्या मागून चालणाऱ्या बायांपैकी कोणी हसलं नाही.

मग नऊ दिवस काहीच झालं नाही. पाऊस नाही, दगड नाही, धूळ नाही. डोंगर शहाण्यासारखा उभा. साहेबांचा रोज सकाळी फोन : "आया क्या आपका पहाड़?" ढाबेवाल्यानं मला चहा द्यायचं बंद केलं. गावातला एक गुरुजी भेटला, तो शांतपणे म्हणाला की पोरांची परीक्षा बुडते आहे. त्याचं मला सगळ्यात जास्त लागलं. भिलाईत घरी बायको म्हणायची, "जेवण तरी नीट करा. डोंगर काय तुमच्या ताटात पडून राहिला?" पाचव्या-सहाव्या दिवसापासून मला वाटू लागलं की डोंगर पडावा. लोकांचा रस्ता जाईल, गावं तुटतील, हे कळत होतं, तरी वाटत होतं. मी खरा ठरावा म्हणून. हे लिहायला बरं वाटत नाही, पण या धंद्यातल्या प्रत्येकाला हे कधी ना कधी वाटलेलं असतं. कोणी बोलत नाही.

दहाव्या दिवशी दुपारी केजाबाईनं कुणाच्या तरी फोनवरून फोन केला.

"गिर गे," ती म्हणाली. पडला.

माझ्या तोंडून आधी "वा!" निघालं. मग लाज वाटली आणि विचारलं, "कोई दबा तो नहीं, बाई?"

"कोनो नइ."

सकाळी नालीतलं पाणी एकदम गढूळ झालेलं पाहून तिनं गँग वळणावरून हलवली होती. कोणी सांगितलं नव्हतं. ती आठजणींना घेऊन दगडी पुलापलीकडं जाऊन बसली, आणि जेवणवेळेच्या सुमारास भिंत, अर्धी सडक आणि वरचा सारा उतार झाडांसकट दरीत गेला.  

त्यानंतर आमचं नाव झालं. पेपरात फोटो आला : मी, प्रणय, सर, आणि मधे ड्रोन. दुसऱ्या घाटांची कामं मिळाली. ढोमणे सरांनी मला बसवून सांगितलं, "आता दहावी कर." मुक्त विद्यालयातून केली, आणि भूमितीत बरे मार्क पडले. लायसन काढलं. आज मी उडवतोही, शिकवतोही. नव्या माणसांना सांगतो की भिंत कितीही सुंदर दिसली तरी निम्म्या फुल्या सरकणाऱ्या जागेच्या बाहेर, पक्क्या खडकावर असल्या पाहिजेत. दर वेळी साऱ्या फुल्या मोजल्या पाहिजेत. दोन फुल्या चौघींच्या विरुद्ध बोलल्या तर त्या पुसायच्या आधी तिथपर्यंत चढून जायचं. आणि उडायच्या आधी त्या सडकेवर रोज चालणाऱ्या माणसाबरोबर एक फेरी मारायची. हे मी आता ठामपणे सांगतो. 

एकच गोष्ट राहिली. पेपरातल्या बातमीत, रिपोर्टात, साहेबांच्या भाषणात, कुठंही केजाबाईचं नाव आलं नाही. कसं येणार? मीच "ड्रोन" म्हटलं होतं. पुढं साहेबांची बदली होताना मी त्यांना खरं सांगितलं. ते चांगले माणूस. म्हणाले, "उसी दिन बोल देते. मैं हंसता, मगर सुनता." ते वाक्य मला अजून झोंबतं. तोवर नवी सडक झाली होती, नाली साफ करायला मशीन आलं होतं, आणि गँग मोडली होती. जी बाई नालीच्या पाण्याचा रंग पाहून डोंगर ओळखायची ती आता दुसऱ्याच्या शेतात निंदणी करते.

दर वर्षी घाटाच्या कामाचा प्रस्ताव मीच लिहितो. त्यात ड्रोनची ओळ असते, बॅटरीची, गाडीची, रंगाचीही असते. तीन वर्षांपासून मी आणखी एक ओळ घालतो : 'उतारावर रोज फिरून नोंद सांगणारी स्थानिक व्यक्ती, बारमाही.' दोनदा ती कापून आली. पहिल्या वर्षी बाजूला पेन्सिलनं लिहिलं होतं, याची गरज काय. दुसऱ्या वर्षी नुसतीच काट. या वर्षी कोणीतरी विचारायला फोन केला, म्हणजे वाचली तरी. मी पाऊण तास बोललो. भिंत, फट, रापा, सारं सांगितलं, आणि ते कोणी पाहिलं तेही नावासकट सांगितलं. अजून उत्तर नाही.

मागच्या महिन्यात तिच्या गावी गेलो होतो. ती बांधावर बसली होती. मी म्हटलं, "बाई, ती ओळ मंजूर झाली की पहिलं नाव तुझं. पगारी काम, तुझ्याच घाटावर, आणि रिपोर्टात सहीच्या जागी तुझा अंगठा."

"दसखत करथंव मैं," ती फणकाऱ्यानं म्हणाली. सही येते मला. मग गुडघा दाबत म्हणाली, "जल्दी करबे बाबू. माडी पिराथे." लवकर कर, गुडघे दुखतात.

करतो, बाई. यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा लिहितो, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. एक दिवस रिपोर्टावर तुझी सही घेईन. तोवर गुडघे जप.